एका पटलाच्या दोन बाजू : पेशीची रचना आणि पेशीश्वसन

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातल्या घराघरांत बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडे वाचले जात होते. आकडा नव्वदीच्या आसपास उतरला की सिलिंडरसाठी, खाटेसाठी धावपळ सुरू होई. रक्तात ऑक्सिजन किती असावा हे त्या दिवसांत शाळकरी मुलांनाही तोंडपाठ झाले. पण रक्तातून तो पुढे कुठे जातो आणि तिथे नेमके काय करतो, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ‘त्याने ऊर्जा मिळते’ इथेच थांबते. अन्नावाचून माणूस काही आठवडे तग धरतो, पाण्यावाचून काही दिवस. ऑक्सिजनवाचून मात्र मेंदूला चार-सहा मिनिटांत इजा होऊ लागते. एवढा फरक का, याचे उत्तर फुप्फुसात सापडत नाही. ते पेशीच्या आत, एका अत्यंत पातळ पटलापाशी सापडते.

शाळेत ‘पेशीची रचना’ आणि ‘श्वसन’ हे दोन वेगळे धडे असतात. पहिल्यात अंगकांची नावे आणि आकृती, दुसऱ्यात समीकरणे आणि चक्र. विज्ञानाच्या इतिहासातही हे दोन विषय दीर्घकाळ वेगळेच वाढले. सूक्ष्मदर्शकवाले रचना पाहत राहिले, रसायनवाले अभिक्रिया मोजत राहिले. ऊर्जेचे कोडे सुटले ते हे दोघे एकाच पटलाशी येऊन भेटल्यावर. म्हणून हा आढावा दोन्ही वाटा एकत्र धरून घ्यायचा आहे. पेशीची रचना समजल्याशिवाय श्वसन समजत नाही, आणि श्वसन समजल्याशिवाय ती रचना तशी का आहे हे कळत नाही.

दोन वाटा

रॉबर्ट हूकने १६६५मध्ये बुचाच्या पातळ कापात रिकामे कप्पे पाहिले. ते मृत पेशींच्या भिंतींचे सांगाडे होते. आतला जिवंत ऐवज त्यात उरलेला नव्हता. १८३१मध्ये रॉबर्ट ब्राऊनने वनस्पतींच्या पेशींतील केंद्रकाकडे लक्ष वेधले. १८३८-३९मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी वनस्पती व प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले असतात हा सिद्धांत मांडला. १८९०मध्ये रिखार्ड आल्टमान या जर्मन शास्त्रज्ञाला पेशीपेशींत रंग धरणारे कण दिसले. ते स्वतंत्र जीवच असावेत, असा त्याचा तर्क होता. १८९८मध्ये कार्ल बेंडाने या कणांना मायटोकॉन्ड्रिया हे नाव दिले. मराठी पाठ्यपुस्तकांत आपण त्यांना तंतुकणिका म्हणतो. त्यांचे काम काय, हे मात्र पुढची पन्नास वर्षे कोणालाच ठामपणे सांगता आले नाही.

दुसरी वाट पॅरिसमधून निघते. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३च्या हिवाळ्यात बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनीपिग ठेवला. त्याच्या शरीराच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो आणि तो किती कार्बन डायऑक्साइड सोडतो, हे त्यांनी मोजले. तेवढाच कार्बन डायऑक्साइड देणाऱ्या कोळशाच्या ज्वलनाशी त्यांनी ते आकडे ताडून पाहिले. श्वसन म्हणजे मंद गतीचे ज्वलन, हा त्यांचा निष्कर्ष मुळात बरोबर होता. हे ज्वलन फुप्फुसात होते, ही समजूत चुकीची होती. ते शरीरभरच्या ऊतींमध्ये होते, हे एडुआर्ड फ्ल्यूगरच्या प्रयोगांमुळे १८७०च्या दशकात पक्के झाले.

मग प्रश्न आणखी अवघड झाला. साखर जाळली की सगळी ऊर्जा एकदम उष्णता आणि उजेड होऊन निघून जाते. पेशीला तसे परवडणारे नाही. ३७ अंश तापमानाला, पाण्याने भरलेल्या जागेत, ऊर्जा हप्त्याहप्त्याने मोकळी करायची आणि तिचा मोठा भाग पुन्हा वापरता येईल अशा रूपात धरून ठेवायचा, हे काम तिला करायचे असते.

खर्च कोण करते?

कमाईआधी खर्च पाहिला की पेशीची रचना चांगली उलगडते. माणसाची सर्वसाधारण पेशी १० ते २० मायक्रोमीटरची, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये पन्नास ते शंभर पेशी ओळीने बसतील एवढी. तिच्याभोवती मेदाच्या दुहेरी थराचे पेशीपटल असते, जाडी जेमतेम ७-८ नॅनोमीटर. या पटलात बसलेले सोडिअम-पोटॅशिअम पंप तीन सोडिअम आयन बाहेर टाकतात आणि दोन पोटॅशिअम आयन आत घेतात. अशा प्रत्येक फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू खर्ची पडतो. विश्रांत शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा या एकाच कामावर जातो. मेंदूत हे प्रमाण त्याहून बरेच अधिक असते.

आतल्या अंगकांचेही तसेच. केंद्रकात जनुकांच्या नकला निघतात, रायबोसोमवर प्रथिने गुंफली जातात, आणि साखळीतील एकेक अमिनो आम्ल जोडायला ऊर्जा लागते. आंतर्द्रव्यजालिका त्या प्रथिनांना आकार देते, गॉल्गी पिंड ती योग्य पत्त्यावर पाठवतो. लयकारिकांच्या पोटात आम्ल असावे लागते, म्हणून तिथे पंप सतत चालू असतात. पेशीभर पसरलेल्या सूक्ष्म तंतूंवरून मालाच्या पिशव्या वाहून नेणारी प्रथिनेही दर पावलाला एक एटीपी वापरतात. म्हणजे आपण आकृतीत ज्या अंगकांना बाण दाखवून नावे देतो, ते प्रत्येक अंगक सतत खर्च करत असते.

ऑक्सिजन तुटल्यावर मिनिटांत मृत्यू का ओढवतो, ते यावरून कळते. शरीरात कोणत्याही क्षणी एटीपीचा साठा मूठभरच असतो. प्रौढ माणूस दिवसभरात मात्र साधारण ४० किलोच्या आसपास एटीपी वापरतो, कारण तोच रेणू मोडून पुन्हा घडवला जातो, दिवसातून शेकडो वेळा. पुनर्निर्मिती थांबली की साठा लगेच संपतो आणि पंप बंद पडतात. मग सोडिअम आत घुसतो, त्यामागोमाग पाणी शिरते आणि पेशी फुगते. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही सुमारे वीस टक्के ऑक्सिजन वापरतो, म्हणून पहिला फटका त्याला बसतो.

एटीपीच्या शोधात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे आणि तो आपल्या मुलांना सांगितला जात नाही, याची खंत वाटते. आंध्रातील भीमवरमला १८९५मध्ये जन्मलेले यल्लप्रगडा सुब्बाराव हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करत होते. फॉस्फरस मोजण्याची त्यांची पद्धत प्रयोगशाळांत आजही शिकवली जाते. १९२९मध्ये त्यांनी स्नायूतून एटीपी वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यानेही ते स्वतंत्रपणे शोधले. हार्वर्डने सुब्बाराव यांना कायम पद दिले नाही. पुढे औषधसंशोधनात त्यांच्या गटाने जी कामे केली, त्यांतून हत्तीरोगावरची डीईसी गोळी मिळाली. विदर्भातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत मोहीम काढून जी गोळी वाटली जाते, ती हीच.

ऑक्सिजनविना पहिला टप्पा

ग्लुकोज पेशीत आल्यावर त्याचे विघटन पेशीद्रव्यातच सुरू होते. दहा टप्प्यांत सहा कार्बनांचा एक रेणू मोडून तीन कार्बनांचे पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात. निव्वळ फायदा एटीपीच्या दोन रेणूंचा. या टप्प्याला ना तंतुकणिका लागते, ना ऑक्सिजन. १८९७मध्ये एडुआर्ड बुखनरने यीस्टच्या पेशी चिरडून त्यांचा रस काढला आणि त्या रसात साखर आंबते हे दाखवले. जिवंत पेशीशिवाय ही क्रिया होऊच शकत नाही, हा पाश्चरच्या काळापासूनचा समज त्याने मोडला. पेशीतली रसायने बाहेर काढून अभ्यासता येतात, हा विश्वास इथून आला. पुढच्या चार दशकांत हार्डेन, एम्डेन, मायरहॉफ, पार्नास अशा अनेकांनी मिळून या मार्गाचा एकेक टप्पा जोडला.

ऑक्सिजन नसेल तर यीस्ट पायरुविक आम्लाचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करते. गोव्याचे पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी माडीने पावाची कणीक फुगवत, ती याच क्रियेने. आपल्या धावत्या स्नायूत पायरुविक आम्लाचे लॅक्टिक आम्ल होते. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते या आम्लामुळे, असे अजूनही सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. व्यायाम थांबल्यावर लॅक्टेट तासाभरात रक्तातून बहुतांशी निघून जाते. हृदय ते इंधन म्हणून वापरते आणि यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज बनवते. दुसऱ्या दिवशीचे दुखणे स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचे असते.

लाल रक्तपेशीचे उदाहरण इथे फार बोलके आहे. परिपक्व झाल्यावर तिच्यात केंद्रक राहत नाही, तंतुकणिकाही राहत नाहीत. सगळ्या शरीराला ऑक्सिजन पुरवणारी ही पेशी स्वतः त्यातला कणही श्वसनासाठी वापरत नाही. ग्लुकोजच्या या पहिल्या टप्प्यावरच तिची १२० दिवसांची गुजराण होते. रचनेत एक अंगक कमी झाले की जगण्याची रीतच कशी बदलते, ते इथे दिसते.

चक्राचा शोध

पायरुविक आम्ल तंतुकणिकेत शिरते. तिथे त्यातला एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघतो आणि उरलेले दोन कार्बन सहविकर ‘ए’च्या आधाराने पुढच्या चक्रात जातात. हे चक्र हान्स क्रेब्सने १९३७मध्ये शेफील्डला मांडले. ज्यू असल्यामुळे त्याला १९३३मध्ये जर्मनी सोडावी लागली होती. प्रयोगासाठी त्याने कबुतराच्या छातीचा स्नायू निवडला. उडण्यासाठी सतत राबणारा हा स्नायू भराभर ऑक्सिजन घेतो. त्याचा कुस्करा बंद भांड्यात ठेवून वायूचा दाब किती घटतो ते मोजायचे, अशी पद्धत होती.

त्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. सायट्रिक आम्ल अगदी थोडे घातले तरी ऑक्सिजनचा खप इतका वाढे की तेवढ्या आम्लाच्या ऑक्सिडीकरणातून त्याचा हिशेब लागतच नव्हता. म्हणजे ते आम्ल संपत नव्हते. फिरून पुन्हा तयार होत होते. मार्ग सरळ नसून वर्तुळाकार असला पाहिजे, हे क्रेब्सने ओळखले. चार कार्बनांचे आम्ल दोन कार्बन उचलते, सहा कार्बनांचे सायट्रिक आम्ल होते, टप्प्याटप्प्याने दोन कार्बन सुटतात आणि चार कार्बनांचे आम्ल पुन्हा हाती येते. हे टिपण ‘नेचर’ने जागेअभावी परत पाठवले, ते दुसऱ्या नियतकालिकात छापून आले. १९५३मध्ये क्रेब्सला, सहविकर ‘ए’ शोधणाऱ्या फ्रिट्झ लिपमानसह, नोबेल मिळाले.

इथे दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात. आपण बाहेर सोडतो तो कार्बन डायऑक्साइड मुख्यतः या चक्रातून आणि त्याच्या दारातून येतो, आणि त्यातले ऑक्सिजनचे अणू अन्नातून व पाण्यातून आलेले असतात. नाकाने घेतलेला ऑक्सिजन इथे कुठेच वापरला जात नाही. दुसरे म्हणजे, चक्राच्या एका फेरीतून थेट मिळतो तो एटीपीच्या तोलाचा एकच रेणू. खरी कमाई आहे ती एनएडी आणि एफएडी या वाहकांवर चढलेल्या इलेक्ट्रॉनांची.

हे वाहक जीवनसत्त्वांपासून बनतात. एनएडीसाठी नायसिन, एफएडीसाठी रायबोफ्लेविन, सहविकर ‘ए’साठी पँटोथेनिक आम्ल, आणि पायरुविक आम्लाच्या प्रवेशासाठी थायमिन लागते. थायमिन न मिळाल्याने बेरीबेरी होतो. नायसिनच्या अभावाने पेलाग्रा होतो. दख्खनमध्ये ज्वारी हेच जवळजवळ एकमेव अन्न असलेल्या गरीब कुटुंबांत तो दिसे, आणि हैदराबादच्या पोषणसंस्थेत सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा खोलवर अभ्यास केला. जीवनसत्त्वांत स्वतःची ऊर्जा नसते, तरी त्यांच्या अभावी माणूस गळून का जातो, त्याचे कारण या चक्रात आहे.

ऑक्सिजनचे काम

इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात कसे, याचा धागा डेव्हिड कायलिनच्या हाती लागला. हा मुळात परजीवींचा अभ्यासक. केंब्रिजमध्ये कीटकांचे स्नायू वर्णपटदर्शकातून पाहताना त्याला चार काळे पट्टे दिसले. एकदा तो यीस्टचे पाण्यातले मिश्रण पाहत होता. नळी हलवून त्यात हवा मिसळली की पट्टे नाहीसे होत. नळी तशीच ठेवली की यीस्ट ऑक्सिजन वापरून टाकी आणि पट्टे परत उमटत. पेशीतले कुठले तरी रंगद्रव्य डोळ्यांदेखत इलेक्ट्रॉन घेत होते आणि ऑक्सिजनला देत होते. १९२५मध्ये कायलिनने या रंगद्रव्यांना सायटोक्रोम हे नाव दिले. त्यांच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो.

अशा प्रथिनांची साखळी तंतुकणिकेच्या आतल्या पटलात बसलेली असते. वाहकांकडून आलेले इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जात शेवटच्या सायटोक्रोम ऑक्सिडेजपाशी येतात. तिथे ऑक्सिजन ते घेतो, हायड्रोजनचे आयन सोबत येतात आणि पाणी तयार होते. श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनचे शरीरात काय होते, या प्रश्नाचे उत्तर एवढेच: त्याचे पाणी होते. तो साखळीच्या टोकाशी उभा राहून इलेक्ट्रॉन उचलत राहतो, म्हणून मागची रांग पुढे सरकते. तो नसेल तर साखळी तुंबते, वाहक रिकामे होत नाहीत, आणि ज्या चक्रात ऑक्सिजन वापरलाच जात नाही ते क्रेब्सचक्रही थांबते.

सायनाइड नेमके हेच शेवटचे विकर बंद पाडते. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. कच्च्या टॅपिओका कंदात सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात. कंद सोलून, किसून, स्टार्च पाण्याने वारंवार धुऊन ती काढून टाकली जातात, म्हणून आपल्या उपवासाचा साबुदाणा निर्धोक असतो.

पटलाचा उलगडा

१९४०च्या दशकात दोन वाटा जवळ आल्या. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत आल्बेर क्लोद आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पेशी फोडून, वेगाने फिरवून तिचे घटक वेगळे करण्याचे तंत्र घडवले. १९४८-४९मध्ये शिकागोत यूजीन केनेडी आणि आल्बर्ट लेनिंजर यांनी दाखवले की क्रेब्सचक्र आणि त्याला जोडून होणारी एटीपीची निर्मिती तंतुकणिकांतच होते. बेंडाने नाव दिलेल्या कणांचे काम अर्ध्या शतकाने कळले. १९५२च्या सुमारास जॉर्ज पलाडेने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची दोन पटले पाहिली: बाहेरचे गुळगुळीत, आतले घड्याघड्यांचे.

इलेक्ट्रॉनांच्या प्रवासातली ऊर्जा एटीपीत शिरते कशी, हे तरीही कळेना. मध्ये एखादे ऊर्जावान रसायन असणार, या समजुतीने जगभरच्या प्रयोगशाळा वर्षानुवर्षे ते शोधत राहिल्या. ते सापडले नाही. १९६१मध्ये पीटर मिचेलने सांगितले की असे रसायन नाहीच. इलेक्ट्रॉन साखळीतून जाताना प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे आयन, पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलले जातात, आणि ही दोन बाजूंतली तफावत हीच साठवलेली ऊर्जा. पटल फाटले की ऊर्जाही गेली.

कोयनेचे पाणी धरणाने उंचावर अडवतात आणि सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीकडे सोडून जनित्रे फिरवतात. प्रोटॉनही तसेच पटलाने अडवलेले असतात आणि ठरावीक वाटेनेच परत उतरतात. फरक आकाराचा आहे, पण दाब थक्क करणारा आहे. पटलाच्या दोन बाजूंत सुमारे दीडशे मिलिव्होल्टचा फरक असतो. ही संख्या क्षुल्लक वाटते. पटलाची जाडी पाच-सहा नॅनोमीटर धरली तर हिशेब मीटरला तीन कोटी व्होल्टच्या घरात जातो. कोरड्या हवेत ठिणगी पडायला लागतो त्याच्या सुमारे दहापट! आपल्या प्रत्येक तंतुकणिकेत हे क्षणोक्षणी चालू आहे.

मिचेलची कल्पना सहजी स्वीकारली गेली नाही. प्रकृतीच्या कारणाने त्याने एडिंबरा विद्यापीठ सोडले, कॉर्नवॉलमधला एक जुना वाडा दुरुस्त करून तिथे छोटी प्रयोगशाळा थाटली, आणि जेनिफर मॉइल या सहकारी संशोधिकेबरोबर वर्षानुवर्षे मोजमापे केली. १९७४मध्ये एफ्रेम रॅकर आणि वॉल्टर स्टोकेनियस यांनी एक निर्णायक प्रयोग केला. मेदाच्या कृत्रिम पिशव्यांत त्यांनी दोनच प्रथिने बसवली. एक मिठागरातल्या सूक्ष्मजीवाचे, प्रकाशात प्रोटॉन ढकलणारे; दुसरे बैलाच्या हृदयातले, एटीपी घडवणारे. या दोघांचा निसर्गात कधी संबंध आलेला नव्हता. पिशव्यांवर प्रकाश पाडताच एटीपी तयार झाले. दोघांमधला दुवा फक्त पटल आणि प्रोटॉन. १९७८चे रसायनशास्त्राचे नोबेल मिचेलला एकट्याला मिळाले.

फिरणारे प्रथिन

उतरणारे प्रोटॉन एटीपी सिंथेज या प्रथिनातून जातात. अमेरिकेत पॉल बॉयरने त्याचा मधला भाग फिरत असावा असे सुचवले, आणि १९९४मध्ये केंब्रिजच्या जॉन वॉकरच्या गटाने त्याची स्फटिकरचना उलगडल्यावर ते पटू लागले. प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले ते जपानी संशोधकांनी, १९९७मध्ये. त्यांनी या प्रथिनाचे डोके काचेला चिकटवले, मधल्या दांड्याला ॲक्टिनचा चमकणारा तंतू जोडला आणि वरून एटीपी घातले. सूक्ष्मदर्शकाखाली तो तंतू घड्याळाच्या उलट दिशेने गरगर फिरू लागला. एटीपी मोडून दांडा फिरतो, म्हणजे तंतुकणिकेत तो प्रोटॉनांच्या रेट्याने उलटा फिरून एटीपी घडवतो. एका फेरीत तीन रेणू, आणि सेकंदाला शंभराहून अधिक फेऱ्या. त्याच वर्षीच्या नोबेलमध्ये बॉयर आणि वॉकर यांच्यासोबत येन्स स्कू हेही होते, सोडिअम-पोटॅशिअम पंपाचे संशोधक. कमाई आणि खर्च एकाच पारितोषिकात आले.

या शोधानंतर जुना हिशेबही दुरुस्त झाला. एका ग्लुकोजमागे ३६ किंवा ३८ एटीपी हा आकडा पिढ्यान्‌पिढ्या पाठ केला गेला. प्रोटॉन मोजून केलेला आजचा हिशेब ३० ते ३२च्या आसपास येतो. पटलातून थोडी गळती होते आणि वाहतुकीलाही प्रोटॉन खर्च होतात, म्हणून तो नेहमी पूर्णांकात बसतोच असे नाही.

गळती कधी मुद्दाम केलेली असते. तान्ह्या बाळाच्या खांद्यांमध्ये आणि मानेशी तपकिरी चरबी असते. तिच्या तंतुकणिकांत प्रोटॉनांना आडवाट देणारे एक प्रथिन असते. ऊर्जा एटीपीत न जाता उष्णता होऊन बाळाला ऊब देते. रसायन देऊन अशी गळती घडवण्याचा प्रयत्न १९३०च्या दशकात अमेरिकेत वजन घटवण्यासाठी झाला. डायनायट्रोफिनॉलने वजन उतरले, पण ताप आटोक्याबाहेर जाऊन माणसे दगावली आणि १९३८मध्ये ते औषध बंद झाले. हे रसायन आजही चोरवाटेने विकले जाते. कोणीही त्याच्या वाटेला जाऊ नये.

याच ज्ञानाचा चांगला उपयोग मुंबईसारख्या शहरात औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाशी झुंजताना होतो आहे. बेडाक्विलीन हे औषध क्षयजंतूचे एटीपी सिंथेज अडवते. आपल्या तंतुकणिकांतले हेच प्रथिन घडणीने इतके वेगळे आहे की त्यावर औषधाचा परिणाम फारच कमी होतो. भारताच्या क्षयरोग कार्यक्रमात हे औषध २०१६पासून आले.

आत आलेला जिवाणू

आल्टमानचा तर्क शेवटी बराचसा खरा ठरला. तंतुकणिका एके काळी स्वतंत्र जिवाणू होत्या आणि दीड अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीत शिरून तिथेच राहिल्या, ही कल्पना लिन मार्गुलिसने १९६७मध्ये पुराव्यांसह मांडली. तंतुकणिकांचा स्वतःचा वर्तुळाकार डीएनए आणि स्वतःचे रायबोसोम आहेत, त्या जिवाणूंसारख्या दुभंगून वाढतात, आणि त्यांच्या जनुकांचे नाते जिवाणूंशी जुळते. मानवी तंतुकणिकेचा डीएनए १९८१मध्ये पूर्ण वाचला गेला: १६,५६९ जोड्या, ३७ जनुके, त्यांपैकी १३ प्रथिनांची. ती तेराही प्रथिने साखळीची किंवा एटीपी सिंथेजची आहेत. बाकी हजारभर प्रथिनांचे आराखडे केंद्रकात गेले आहेत.

हा डीएनए आईकडूनच येतो. त्यात बिघाड असेल तर डोळे, स्नायू, हृदय, मेंदू अशा ऊर्जेला हावऱ्या अवयवांवर परिणाम होतो, आणि यांतल्या बहुतेक विकारांवर मुळातून बरे करणारा उपाय अजून नाही. ब्रिटनने २०१५मध्ये दात्या स्त्रीच्या निरोगी तंतुकणिका वापरून गर्भधारणा करण्यास परवानगी दिली. २०२५च्या जुलैमध्ये न्यूकॅसलच्या गटाने अशा आठ बालकांच्या जन्माची माहिती प्रसिद्ध केली. तंतुकणिका आत घेणारी मूळ पेशी कोणत्या कुळातली, याचा शोध २०१५मध्ये समुद्रतळाच्या गाळातील लोकीआर्किया हे सूक्ष्मजीव सापडल्यापासून वेगाने पुढे सरकतो आहे. २०१६मध्ये तंतुकणिकेचा मागमूसही नसलेला एक केंद्रकधारी सूक्ष्मजीव सापडला. पण त्याच्या पूर्वजांकडे ती होती आणि नंतर गळून गेली, असेच दिसते.

शेतात आणि घरात

झाडे फक्त रात्री श्वसन करतात, हा गैरसमज पक्का बसलेला आहे. झाडांच्या पेशींतही तंतुकणिका असतात आणि त्या रात्रंदिवस चालतात. दिवसा प्रकाशसंश्लेषण त्याहून जोरात चालते एवढेच. काढलेला कांदाही श्वसन करत असतो. साखर झिजते, पाणी आणि उष्णता बाहेर पडते, वजन घटते. तापमान दहा अंशांनी चढले की श्वसनाचा वेग साधारण दुपटीने ते तिपटीने वाढतो. म्हणून कांदाचाळीचा तळ जमिनीपासून उंच ठेवतात आणि भिंतींना फटी सोडतात. ढिगात साचलेली ऊब आणि दमट हवा निघून गेली नाही तर कांदा सडतो. नाशिकची निर्यातीची द्राक्षे तोडल्याबरोबर थंड करतात, तेही श्वसन मंदावण्यासाठी.

माणसांच्या बाबतीत सर्वांत मोठी चिंता लोहाची आहे. लोह रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लागते, तसेच साखळीतल्या सायटोक्रोममध्येही लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. ‘अंगात त्राण नाही’ असे म्हणणाऱ्या बाईची तक्रार आळसात काढू नये. तिच्या पेशींत ऊर्जा खरोखर कमी पडत असू शकते, आणि त्यामागची लोहाची उणीव तपासणीने कळते, उपचाराने भरून येते.

नववी-दहावीच्या शिक्षकांना शेवटी एक विनंती. पेशीची आकृती आणि श्वसनाचे समीकरण एकाच फळ्यावर, एकाच दिवशी काढा. ग्लुकोजचे विघटन पेशीद्रव्यात, चक्र तंतुकणिकेच्या गाभ्यात, साखळी आतल्या पटलात, अशी प्रत्येक टप्प्याची जागा दाखवा. मोड आलेली मटकी थर्मासमध्ये भरून तापमापी लावा, शेजारी उकडून थंड केलेली मटकी दुसऱ्या थर्मासमध्ये ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही आकडे मुलांनाच वाचू द्या. चुन्याची निवळी दुधाळ करून दाखवा. खर्च शंभर रुपयांचाही नाही. तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र, हे वाक्य पाठ असलेली मुले आपल्याकडे पुष्कळ आहेत. ती ऊर्जा पटलाच्या दोन बाजूंतल्या फरकातून येते हे समजलेली मुले घडवणे आपल्या हातात आहे.